तीन मिनिटं चाळीस सेकंद

१२ सप्टेंबर

आमचे कोच, म्हणजे सर, म्हणतात की पळण्याच्या वहीत आकडे सोडून काही लिहायचं नाही. किती किलोमीटर, किती वेळ, सकाळची नाडी, वजन. "रडगाणं लिहायचं असेल तर दुसरी वही आणा." आज आणली. रडगाणं एकच आहे: मी चांगला पळतो आणि ते कुणाला दिसत नाही.

आज स्टेडियमवर दहा हजार मीटर होते. पंचवीस फेऱ्या. माझं काम असं, की पहिल्या सोळा फेऱ्या पुढे राहून वेग धरायचा, वारा अंगावर घ्यायचा आणि सतराव्या फेरीला बाजूला व्हायचं. मग भाऊजी पुढे जातात आणि लोक उभे राहतात. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सात वर्षं देशाचे चॅम्पियन. आज त्यांनी स्वतःचाच विक्रम चार सेकंदांनी मोडला. मी तेव्हा गवतावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होतो. एका बाईंनी काळजीने विचारलं, "पाय मुरगळला का? मध्येच सोडलंत ते?"

घरी आल्यावर भाऊजींनी पदक माझ्या गळ्यात घातलं. "मेहुणेबुवा, निम्म्याहून जास्त तुमचंच आहे हे." सोळा भागिले पंचवीस म्हणजे चौसष्ट टक्के, हे मी मनातल्या मनात करून मोकळा झालो. ताई हसली, मीही हसलो. मला त्यांचा हेवा वाटत नाही. तसं इथे लिहून ठेवतो.

३ ऑक्टोबर

सरकार गेलं. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या जागी बँड वाजत होता. मग एका फौजी आवाजाने वाचून दाखवलं की आजपासून कारभार समितीकडे, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ संचारबंदी. ताई नर्स आहे. ती डबा न घेताच हॉस्पिटलला पळाली. भाऊजी खिडकीशी उभे राहून खालच्या रणगाड्याकडे बघत होते. रणगाड्यावरच्या सैनिकाने त्यांना ओळखलं आणि हात हलवला. भाऊजींनी पडदा ओढला.

मला पहिली काळजी कसली वाटली ते खरं सांगतो. सकाळचं पळणं बुडणार.

९ ऑक्टोबर

सर कुठून कुठून खटपटी करून दोन परवाने घेऊन आले. पहाटे पाच ते साडेसहा, ठरलेल्या रस्त्यानेच, फक्त भाऊजी आणि मी. आज पळालो. अठरा किलोमीटर, एका किलोमीटरला चार मिनिटं. कालवा, कापडगिरणी, बाजारामागची गल्ली, पूल आणि परत. सरांनी खांबांवर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्यात, त्यामुळे प्रत्येक किलोमीटर नोंदता येतो. एवढ्या मोठ्या शहरात माणूस नाही. कुत्रीसुद्धा घरात बसली होती. कधी नव्हे ते मजा आली, आणि तसं म्हटल्यावर भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले.

सरांचा जुना नियम आहे: घड्याळ थांबवायचं नाही. "थांबलात तर थांबलेलं लिहा. वहीशी खोटं बोलणारा शर्यतीत स्वतःशी खोटं बोलतो." नऊ वर्षांत मी एका सेकंदाचं खोटं लिहिलेलं नाही. भाऊजींच्या वहीचा सगळा आनंदीआनंद. आठवड्यातून एकदा बसून अंदाजपंचे भरतात. आणि चॅम्पियन तेच.

१९ ऑक्टोबर

बाजारामागच्या गल्लीत बूट दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान आहे, मागेच त्यांचं घर. मंगळवारी आणि शुक्रवारी भाऊजी हमखास तिथे थांबतात. "मेहुणे, तळ सुटलाय, दाखवून येतो. तू कोपऱ्यावर पाय हलवत राहा." पहाटे साडेपाचला! समोर लाँड्रीवाला आपल्याच दारात कोळशाची इस्त्री फुंकत बसलेला असतो. त्याने आज मला पाणी दिलं. "एकाचे बूट रोज फाटतात, दुसऱ्याचे फाटत नाहीत, असं कसं?" म्हणाला. मी म्हटलं, चॅम्पियन जास्त जोरात पळतात.

वहीत लिहिलं: अकरावा किलोमीटर, ७ मि. ४० से. थांबा ३-४०, बूटवाला.

६ नोव्हेंबर

शहरात पत्रकं फिरतायत. समितीने कुणाकुणाला पकडलं त्यांची नावं, कुठे ठेवलंय ते तुरुंग. गिरणीच्या भिंतीवर, हॉस्पिटलच्या जिन्यात. संचारबंदीत ही चिकटवतो कोण, असा सगळ्यांना प्रश्न. ताई म्हणाली, "भुतं चिकटवत असतील." भाऊजींना ठसका लागला.

हल्ली मी खोलीत गेलो की दोघं बोलायची थांबतात. कालही तसंच. नऊ वर्षं याच घरात राहतो, याच टेबलावर जेवतो, पण मला कुणी काही सांगत नाही. माझ्याबद्दलच बोलत असणार. मेहुण्याला किती दिवस पोसायचं वगैरे.

१८ नोव्हेंबर

क्रीडा कार्यालयाचे नवे साहेब मैदानावर आले. गुळगुळीत दाढी, गोड बोलणं. सगळ्या धावपटूंच्या वह्या हव्यात म्हणाले, राष्ट्रीय प्रशिक्षण योजनेसाठी. सरांनी हात जोडले. "साहेब, गोदामात नळ फुटला. वह्या भिजून लगदा झाला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझीही भिजली असेल ना रे?"

मी म्हणालो, "नाही सर. माझी घरी असते. कोरडी आहे."

साहेबांनी गाडीतून मला घरी नेलं. ताई कामावर होती, भाऊजी मालिश करून घ्यायला गेलेले. मी लाल कापडाच्या बांधणीची वही काढून दिली. साहेबांनी उभ्या उभ्या पंधरा-वीस पानं चाळली. "सेकंदासकट! या मैदानावर एक तरी माणूस काम चोख करतो." इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी चोख म्हटलं नव्हतं. मी त्यांना चहा केला. कप आमच्या घरातले चांगल्यातले काढले.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊजींना नेलं.

बूटवाल्या काकांच्या दुकानात ते शिरले आणि दोन्ही बाजूंनी माणसं आली, साध्या कपड्यातली. मी कोपऱ्यावर पाय हलवत होतो. काकांच्या खोक्यातून पत्रकांचा गठ्ठा निघाला, भाऊजींच्या पट्ट्याखालून दुसरा. मला कुणी हात लावला नाही. एकाने तर मला "तुम्ही चला पुढे, थंड पडाल" म्हटलं. आणि मी पुढे निघालो. खरंच निघालो. पूल ओलांडला, राहिलेले सात किलोमीटर पळालो, घरी पोहोचलो आणि मग ताईला सांगितलं.

तिने एकच विचारलं. "तू पळत आलास? सरळ घरी का नाही आलास?"

परवान्यावरचा रस्ता तोच होता, एवढंच सुचलं.

२ डिसेंबर

गल्लीत सगळ्यांचं ठरलंय की चुगली लाँड्रीवाल्याने केली. समोरच बसतो, डोळे उघडे, दुसरं कोण? त्याच्या इस्त्रीच्या टेबलावर कुणीतरी डांबर ओतलं. हॉस्पिटलने त्याला इस्त्रीला चादरी देणं बंद केलं. ताईच सांगत होती. सांगताना माझ्याकडे बघत होती, मी भाकरीचा तुकडा मोडत होतो.

मला हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

५ डिसेंबर

तीन दिवस झोप नाही. एकदाचं लिहून टाकतो.

सर "तुझीही भिजली असेल" म्हणाले तेव्हा मला कळलं होतं. सगळं कळलं होतं असं नाही, पण पुरेसं कळलं होतं. नळ फुटलेला नव्हता, गोदामात नळच नाही. पहाटे साडेपाचला कुणाचे बूट फाटत नाहीत हेही मला कळत होतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं? आता तरी माझी वही कुणीतरी वाचेल, हे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी वही दाखवून केलं, आणि अवलक्षण दुसऱ्याच्या नशिबी आलं.

उद्या ताईला सांगणार.

६ डिसेंबर

नाही सांगितलं. ती थकून आली होती.

१९ जानेवारी

समितीची 'ऐक्य दौड' ठरली. वीस किलोमीटर, स्टेडियमपासून समितीच्या कचेरीपर्यंत. साहेबांनी बोलावून सांगितलं, देशाला चॅम्पियन लागतो. मी म्हटलं, विचार करतो. ते म्हणाले, "तुमच्या भाऊजींना त्याने मदतच होईल." पडत्या फळाची आज्ञा. मी लगेच हो म्हणालो. घरी ताईला सांगितलं की भाऊजींसाठी पळतोय.

"त्यांना विचारलंस?" ती म्हणाली.

महिन्यातून एकदा भेट मिळते, फक्त बायकोला. कसं विचारणार? तसं म्हटलं. ती भांडी घासायला गेली. हल्ली ती माझं ताट वाढून झाकून ठेवते आणि स्वतः आधी जेवून घेते. पाळ्या बदलल्या असतील.

१५ फेब्रुवारी

जिंकलो. एक तास तीन मिनिटं. कुणासाठी बाजूला व्हायचं नव्हतं. सतरावा किलोमीटर गेला तरी माझ्यापुढे कुणी नाही, हे इतकं विचित्र वाटलं की मी दोनदा मागे वळून बघितलं.

कडेला शाळांची रांगेत उभी केलेली मुलं होती, हातात कागदी झेंडे. गल्लीच्या तोंडाशी मात्र खिडक्या बंद होत्या. सगळ्या. फक्त लाँड्रीवाला बाहेर उभा होता, रिकाम्या टेबलामागे. त्याने टाळी वाजवली नाही आणि तोंडही फिरवलं नाही. बूटवाल्या काकांना महिनाभराने सोडलं, ते मुलीकडे दुसऱ्या गावी निघून गेले, दुकानाला कुलूप आहे.

पदक साहेबांनी घातलं. मैदानावर परत आलो तर भालाफेकवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आले बघा, आयत्या बिळावर नागोबा." सर तिथेच होते. नेहमी असल्या बोलण्याला ते दम देतात. आज त्यांनी शिट्टी पुसली, परत पुसली, आणि खिशात ठेवली.

११ मार्च

ताईने सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी ती लाल वही दिसली नाही बऱ्याच दिवसांत."

"भरली. नवीन घेतली."

"मग जुनी?"

"असेल कुठेतरी."

ती म्हणाली, "शोध," आणि कामाला गेली. मी खरंच कपाट उपसून शोधायला लागलो! पंधरा मिनिटं शोधली. नसलेली वस्तू शोधताना माणूस किती मन लावून शोधतो ते आज बघितलं.

२८ जून

समिती पडली. पाच दिवस लोक रस्त्यावर होते, गिरणी बंद, हॉस्पिटलच्या नर्सा संपावर, शेवटी फौजेनेच दारं उघडली. साहेब कुठे गेले कुणाला माहीत नाही. मी पाचही दिवस घरात होतो. खाली लोक गात जात होते आणि मला वाटायचं आता कुणीतरी वर बघून बोट दाखवेल. चोराच्या मनात चांदणं.

भाऊजींना आज सोडलं. जिने चढायला त्यांना अकरा मिनिटं लागली. मोजायचे नव्हते, पण मोजले गेले. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, आणि टाचेमागची शीर अशी जुळलीय की पाऊल सरळ पडत नाही. दारात मला बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"मेहुणे! ऐकलं, एक-तीनमध्ये मारलीस. शेवटचे पाच किती?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "अजून पंधरा सेकंद निघतात." मला मिठी मारून खूप वेळ उभे राहिले. माझ्या आधाराने उभे होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

४ जुलै

जेवताना भाऊजी म्हणाले, "आत मला रोज विचारायचे, दर मंगळवारी तीन मिनिटं चाळीस सेकंद काय करत होतास? चाळीस सेकंदसुद्धा! त्या लाँड्रीवाल्याकडे घड्याळ आहे हेच मला माहीत नव्हतं." आणि हसले. ताई हसली नाही. ती मला म्हणाली, "तुला भात हवाय?" आणि मी नको म्हणेपर्यंत डाव तसाच धरून ठेवला.

तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा पाणी प्यायलो.

९ जुलै



भाऊजींनी सकाळी ठरवलं की लाँड्रीवाल्याला भेटायचं. "किती दिवस वाळीत टाकणार त्याला? घाबरला असेल बिचारा, बोलला असेल. चल, मेहुणे, मला धर." मी म्हटलं, आज नको, पाय दुखेल. म्हणाले, पाय रोजच दुखतो.

गल्लीत चॅम्पियन आले म्हटल्यावर माणसं जमली. लाँड्रीवाला टेबलामागे उभा राहिला. आठ महिन्यांत अर्धा झालाय. टेबलावर दोनच शर्ट होते, त्याचेच असावेत. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं ते झालं. माझ्या मनात राग नाही. तुम्हीही कुणी ठेवू नका."

मला वाटलं, आता हा ओरडेल, मी नव्हतो म्हणेल. म्हणावं असं मला वाटत होतं आणि म्हणू नये असंही. त्याने आधी गर्दीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, पाणी दिलं होतं तेव्हा बघितलं होतं तसंच. आणि हात जोडून म्हणाला, "चुकलो, चॅम्पियनसाहेब. माफ करा."

भाऊजींनी त्याला जवळ घेतलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गिरणीतल्या मुकादमाने तिथल्या तिथे अंगातला कोट काढून इस्त्रीला दिला. माझ्या खांद्यावर भाऊजींचा हात होता, आणि मी उभा होतो, वेग धरायला उभा राहतो तसा, त्यांच्या डाव्या बाजूला. एक शब्द पुरला असता.

१२ जुलै

दुपारी एकटा गेलो. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना म्हणून चार शर्टांचं गाठोडं नेलं. त्याच्याकडे आता कपड्यांचा ढीग होता, हॉस्पिटलच्या चादरीसुद्धा. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "ते तुम्ही नव्हता. मी होतो."

त्याने इस्त्री खाली ठेवली नाही. चादर फिरवून दुसरी बाजू घेतली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही दोघं यायच्या आधी ती साध्या कपड्यातली माणसं माझ्या टेबलावर वही ठेवून वाचत होती. लाल होती. मंगळवार, तीन मिनिटं चाळीस. शुक्रवार, तीन मिनिटं पंचेचाळीस. या गल्लीत असं सेकंदावर मोजणारा माणूस कोण आहे? मी तर इस्त्री तापली का तेसुद्धा पाणी शिंपडून बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? चॅम्पियनच्या घरातला माणूस, बायकोचा सख्खा भाऊ. माझं कोण ऐकणार होतं? एकदा तुमच्या बहिणीला सांगितलं. मार्चमध्ये."

मी म्हणालो, "मी आजच सगळ्यांना सांगतो. इथे गल्लीत उभा राहून सांगतो."

आता त्याने इस्त्री ठेवली. "अजिबात नाही. मी माफी मागून बसलोय. उद्या तुम्ही हे उकरलंत तर लोक म्हणतील, मग याने चुकलो कशाला म्हटलं? खोटारडा तो खोटारडाच. नाहीतर सगळे मिळून माझी माफी मागायला येतील, आणि मग लाजेने माझ्या दारावरून जायचं सोडतील. आठ महिने बायको आणि मी समोरासमोर बसून होतो इथे. काल पहिल्यांदा तिला वेळेवर जेवायला फुरसत नव्हती. तुमचं मन हलकं करायला माझं दुकान नका बुडवू."

त्याने आणखी एका चादरीची घडी केली. शेवटी मी गाठोडं पुढे सरकवलं.

त्याने ते हळूच परत माझ्याकडे सरकवलं. "सगळ्यांचे घेतो," म्हणाला. "तुमचे नको."

घरी आलो. भाऊजी झोपले होते. ताई दारातच भेटली, तीही आत्ताच बाहेरून आलेली. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघून म्हणाली, "घेतले नाहीत?"

"दुकान बंद होतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि हातातले भाऊजींचे शर्ट, इस्त्रीने अजून गरम, कपाटात लावायला लागली.